आंब्याचे पैसे सोन्यात घालावेत का?

कलमबाग | १९ जून २०२५, रात्री ९:१०

यंदा पाऊस २५ मेलाच देवगडात उतरला. शेवटचा तोडा झाडावरच होता. निम्मा गळून कुजला, उरलेला मिळेल त्या भावाने कॅनिंगला दिला. फवारणी, राखण, पेट्या, गाडीभाडं, गड्यांची मजुरी सगळं चुकतं करून आज हातात ३ लाख ६० हजार आहेत. पुढचा आंबा येईपर्यंत, म्हणजे मार्चपर्यंत, घरात दुसरी मोठी रक्कम यायची नाही.

यजमान म्हणतात, सगळे सोन्यात घालूया. ते उगाच म्हणत नाहीत. काही वर्षांपूर्वी जादा व्याज मिळतं म्हणून आम्ही एका पतसंस्थेत दोन लाख ठेवले होते. संस्था बुडाली. पावती अजून कपाटात आहे, पैसे नाहीत. तेव्हापासून त्यांचा कागदावरच्या पैशावर विश्वास राहिलेला नाही. एप्रिलमध्ये दहा ग्रॅमने लाखाला हात लावला, आता इराण-इस्रायल पेटलंय, रोज सकाळी चहाआधी ते भाव बघतात आणि म्हणतात, "बघ, तेव्हा घेतलं असतं तर."

मला दोन्हीकडून भीती वाटते. एवढ्या चढ्या भावाने घ्यायचं आणि उद्या उतरला तर? आणि नाही घेतलं, अजून चढला तर?

आमच्या घरात सोन्याचा एक जुना हिशोब आहे, तो सांगते. सासूबाईंची बोरमाळ. त्यांचं लग्न १९६५ सालचं. सासरे गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला आणि मनिऑर्डर बंद झाली. पहिल्या पावसाळ्यात पाटल्या गहाण गेल्या, त्या सुटल्याच नाहीत, मोडाव्या लागल्या. बोरमाळ तेवढी वाचली. सासरे गावी परतले. १९९० नंतर रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आली, पण अनुदान हप्त्याहप्त्याने मिळायचं, आणि कातळाला सुरुंग लावणारा काही हप्त्यावर थांबत नाही. तेव्हा ती बोरमाळ दोनदा गहाण पडली आणि दोनदा सुटली. आज ज्या कलमांचा आंबा आम्ही विकतो, त्यांचे खड्डे त्या बोरमाळेवर खणलेले आहेत. सासूबाई म्हणतात, "सोना इकूचा नसता गो. गहाण ठेवूचा, सोडवून हाडूचा."

बोरमाळ सव्वाचार-साडेचार तोळ्यांची आहे असं घरात सगळे धरून चालतात. यजमानांचं म्हणणं, तशीच अजून एक करून ठेवू. जाणत्या मंडळींनी सांगा, काय करावं?

आकडेमोड | १९ जून, रात्री १०:४५

ताई, मी राजापूरचा, नोकरीने मुंबईत. आकड्यांपुरतं बोलतो.

आपण "सोनं वाढलं" म्हणतो त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक म्हणजे जगातला डॉलरमधला भाव आणि दुसरी म्हणजे डॉलरसमोर आपला रुपया. १९९९ मध्ये औंसाला (सुमारे ३१ ग्रॅमला) २८० डॉलरच्या आसपास भाव होता आणि डॉलर ४३ रुपयांना होता. आज भाव ३,३५० डॉलरच्या आसपास आणि डॉलर ८६ च्या. म्हणजे सोनं बारापट आणि डॉलर दुप्पट. गुणाकार करा, चोवीसपट. १९९९ चे दहा ग्रॅमचे ४,२०० रुपये आज लाख का झाले, ते यातच आलं. वर्षाला सरासरी १३ टक्क्यांच्या जवळ जातं. यजमान इथपर्यंत बरोबर आहेत.

पण घेणारा कुठल्या सालात घेतो यावर सगळं असतं. जानेवारी १९८० मध्ये सोनं ८५० डॉलरला पोचलं होतं. तेव्हाही इराण पेटलेलं होतं, रशिया अफगाणिस्तानात घुसला होता, लोक म्हणत होते आता थांबत नाही. १९९९ च्या उन्हाळ्यात तेच सोनं २५२ डॉलर. एकोणीस वर्षांत तिसऱ्या हिश्श्याहून कमी! आपल्याकडे ते जाणवलं नाही, कारण रुपया त्याहून वेगाने घसरत होता. १९८० चे १,३०० रुपये १९९९ ला ४,२०० झाले. पण त्याच काळात दहा टक्क्यांच्या ठेवीत चक्रवाढीने ते आठ हजारांच्या घरात गेले असते.

अगदी अलीकडचं हवं असेल तर, २०१२ च्या शेवटी दहा ग्रॅम ३१ हजारांच्या आसपास होतं आणि २०१८ मध्येही तेवढंच. सहा वर्षं. मुलीच्या लग्नासाठी २०१२ मध्ये घेतलं असेल त्याला सोनं मिळालं, वाढ मिळाली नाही. एप्रिल २०१३ मध्ये तर दोन दिवसांत डॉलरमधला भाव तेरा टक्क्यांच्या आसपास कोसळला होता.

मोठी सरकारंसुद्धा चुकतात. ब्रिटनने १९९९ ते २००२ दरम्यान सुमारे ३९५ टन सोनं विकलं, औंसाला सरासरी २७५ डॉलरने, म्हणजे जवळजवळ तळाला. आणि आपल्या रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून २०० टन १,०४५ डॉलरच्या आसपास घेतलं, तेव्हा महाग घेतलं म्हणणारे होतेच.

तेव्हा भाव चढेल की उतरेल यावर निर्णय घेऊ नका. ते कुणालाच सांगता येत नाही. मार्चपर्यंत घरात रक्कम येणार नाही, हे तुम्ही स्वतःच लिहिलंय. ज्या पैशाची आठ महिन्यांत गरज लागू शकते तो सोन्यात घालू नये, एवढं मात्र मी छातीठोक सांगतो.

खाडीपलीकडे | २० जून, सकाळी ७:२०

मी रत्नागिरी जिल्ह्यात एका बँकेत ३२ वर्षं काढली, त्यातली बरीच सोनेतारणाच्या टेबलावर. वर आकडे चोख दिलेत. मी टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते सांगतो.

कोकणात सोन्याला ऋतू असतात. जूनमध्ये शाळेची फी, भाताचं बी, घरावरची कौलं. पोटल्या यायला लागतात. बायका पदराखालून रुमाल काढायच्या, गाठ सोडायच्या आणि दागिना टेबलावर ठेवताना हात क्षणभर तिथेच राहायचा. मग गणपतीच्या आधी पंधरा दिवस सोडवायची गर्दी. गौरीच्या ओवशाला नवी सून दागिन्याविना कशी जाणार? चाकरमान्याचे पैसे आले की आधी बँकेत. दिवाळी उलटली की परत तेच दागिने. काही दागिने मी इतक्यांदा पाहिलेत की आंधळेपणी ओळखीन.

त्यामुळे तुमच्या सासूबाईंचं वाक्य माझ्या लेखी हिशोबाचं आहे. सोनं विकलं की ते गेलं. गहाण ठेवून कलमांना घातलं तर कलमंही राहतात आणि सोनंही परत येतं. फक्त एक लक्षात ठेवा, सुटतं ते कमावणाऱ्या कामासाठी ठेवलेलं. आजारपणाला, जेवणावळीला ठेवलेलं सुटताना मी कमी पाहिलंय. पाटल्या गेल्या आणि बोरमाळ राहिली, यात तेच दिसतं.

आता व्यवहाराचं. "घडणावळ वाचते म्हणून बिस्किट घ्या" असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देणारच. अडीनडीला गहाण ठेवायचा विचार असेल तर बिस्किट घेऊ नका. लगड किंवा बिस्किट यावर बँक कर्ज देत नाही, रिझर्व्ह बँकेचा तसा नियमच आहे. कर्ज मिळतं दागिन्यांवर आणि नाण्यांवर, नाण्यांनाही एका कर्जदारामागे ५० ग्रॅमची मर्यादा.

तारण धरताना खडे, मण्यांत भरलेली लाख, दोरा सगळं वजा होतं. उरलेल्या निव्वळ सोन्याला गेल्या ३० दिवसांची सरासरी किंवा आदल्या दिवसाचा भाव, यातला कमी असेल तो लागतो. त्याच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज ही आतापर्यंतची रीत. याच महिन्यात, ६ जूनला, नवे निर्देश आलेत. घरखर्चासारख्या गरजेसाठी घेतलेल्या अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला ८५ टक्के, पाच लाखांपर्यंत ८०, त्यावर ७५. बँकांना १ एप्रिल २०२६ पर्यंत ते लागू करायचेत. कर्ज फेडल्यावर सात कामकाजाच्या दिवसांत दागिना परत द्यायचा, उशीर झाला तर दिवसाला पाच हजार भरपाई, हेही त्यात आहे. पूर्वी हे असतं तर माझ्यासमोर काही बायकांना खेटे घालावे लागले नसते.

आणि पतसंस्थेबद्दल. पाच लाखांपर्यंतचं ठेवविमा संरक्षण बँकांना आहे, सहकारी बँकांनासुद्धा. पतसंस्थांना ते नाही. लोकांना दोन्हींच्या पाट्या सारख्याच वाटतात. एका ठिकाणी पोळलं म्हणून सगळ्या ठेवींना वाळीत टाकू नका, एवढं या म्हाताऱ्याचं ऐका.

सुपारीबाग | २० जून, दुपारी १:०५

आमचं घर श्रीवर्धनच्या बाजूला. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आलं. सकाळी वाडी उभी होती, दुपारी चारला आडवी. सुपारीचं झाड लावल्यापासून हातात पीक यायला सहा-सात वर्षं लागतात. आजोबांनी लावलेली खोडं एकावर एक पडली होती. मधून चालायलाही वाट नव्हती.

घरात सोनं होतं. आईने त्याच रात्री मेणबत्तीत डबा उघडून बघितला, सगळं जागेवर. पण वीज नाही, फोन नाही, रस्त्यावर झाडं, त्यात टाळेबंदी. सराफ बंद, बँक बंद. कौलांसाठी ताडपत्री आणायला रोख लागत होती आणि ती आमच्याकडे अकराशे रुपये होती. डब्यात लाखोंचं सोनं आणि शेजाऱ्याकडून उसने पैसे, अशी ती पहिली वीस दिवसांची गोष्ट. पुढे ऑगस्टमध्ये भाव ५६ हजारांपर्यंत गेला होता, तेव्हा आम्ही आईच्या चार बांगड्या मोडून वाडी साफ केली, रोपं लावली. सोन्याने आम्हाला उभं केलं, पण पहिल्या दिवसांत नाही. तेव्हा डाळ-तांदूळ आणि रोख.

आणि सोनं अविनाशी आहे म्हणतात, त्यावर आमच्या दिवेआगरचं सांगावंसं वाटतं. १९९७ मध्ये तिथे नारळी-पोफळीच्या वाडीत, जमिनीत पुरलेल्या तांब्याच्या पेटीत सोन्याचा गणपतीचा मुखवटा सापडला. किती शतकं मातीत होता, तरी लखलखीत. मार्च २०१२ मध्ये दरोडा पडला, दोन रखवालदार जिवानिशी गेले आणि मुखवटा वितळवला गेला. सोनं बऱ्याच अंशी परत मिळालं. २०२१ मध्ये नवा मुखवटा बसवला. पण ते दोघे परत आले नाहीत, आणि लहानपणी पाहिलेला तो चेहराही नाही. घरात सोनं वाढवताना हे मनात ठेवावं असं मला फार वाटतं. विशेषतः जिथे वाडीत एकटी म्हातारी माणसं राहतात.

वाशिष्ठीकाठ | २० जून, रात्री ८:३०

चिपळूण. २२ जुलै २०२१. आमच्या तळमजल्यात छताला दोन फूट कमी इतकं पाणी होतं.

चौथ्या दिवशी कपाट फोडलं. प्लाय फुगून दारं बसली होती. साड्यांचा, फायलींचा, गाद्यांचा एकच राडा. आईची पेटी चिखलात खाली सापडली. ठुशीच्या प्रत्येक मण्याच्या मधे गाळ बसला होता. आजीने रिठे उकळून जुन्या दातांच्या ब्रशने दोन दिवस ती ठुशी घासली. फ्रीज गेला, दुचाकी गेली, वह्या-पुस्तकं गेली, आणि ठुशी आधी होती तशीच. त्या दिवसापासून माझ्या मनात सोन्याबद्दल जो आदर आहे तो आकड्यांनी कमी व्हायचा नाही.

मात्र वर बँकेतल्या काकांनी लिहिलंय त्यातही तथ्य आहे. ठेवीच्या पावत्यांचा लगदा झाला होता, तरी बँकेने नोंदी बघून सगळी रक्कम दिली. पैसा कागदावर नसतो, नोंदीत असतो, हे तेव्हा कळलं.

लॉकरबद्दल एक. चोरी, आग, कर्मचाऱ्यांची अफरातफर यात बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपट असते. पूर, भूकंप अशा नैसर्गिक आपत्तीत ती नाही. सोन्याला पाण्याने काही होत नाही, पण लॉकरमधली कागदपत्रं, मोत्यांच्या नथी, तन्मणी यांचं होतं. मोती पंधरा दिवस चिखलात राहिले तर गेले. नदीकाठच्या गावात लॉकर घेताना तो कुठल्या मजल्यावर आहे ते विचारा.

कलमबाग | २० जून, रात्री ९:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. यजमानांना मोठ्याने वाचून दाखवलं. पतसंस्थेला विमा नसतो हे ऐकून ते बराच वेळ गप्प बसले.

काका, "लाख वजा होते" हे तुम्ही लिहिलंत तिथे मी अडकले. बोरमाळ लाखेवरचीच आहे. मग तिचं खरं सोनं किती?

कसोटी | २१ जून, सकाळी ११:१५

ताई, आमचं घराणं सोनारकामातलं, सावंतवाडी परिसरात. माझी ही तिसरी पिढी. याचं उत्तर मी देतो.

बोरमाळेचा मणी म्हणजे पातळ पत्र्याचे दोन अर्धे भाग झाळ लावून जोडलेले, आत लाख भरलेली. लाख नसेल तर मणी बोटाने दाबला तरी चेपतो. लाखेमुळे दागिना भरदार दिसतो आणि कमी सोन्यात होतो. जुन्या बायकांना हे पक्कं ठाऊक असायचं. पण दोन पिढ्यांनंतर घरात फक्त "साडेचार तोळे" एवढाच आकडा उरतो. शिवाय जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आताचे लोक दहा ग्रॅमला तोळा म्हणतात, तोही घोळ होतो.

दुसरी गोष्ट सालाची. चीनच्या युद्धानंतर जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आलं. १४ कॅरटपेक्षा चोख नवा दागिना घडवायलाच बंदी. १९६६ मध्ये ती उठली, पण १९६८ च्या कायद्याने बिस्किटं, लगडी घरात ठेवायला बंदी घातली, आणि तो कायदा १९९० पर्यंत होता. देशभर सोनारांच्या घरात चूल पेटेना अशी ती वर्षं होती. माझे आजोबा ती वर्षं तांब्या-पितळेची भांडी सांधून जगले. हातोडी, सांडशी, फुंकणी कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवली होती, दसऱ्याला तेवढी खाली यायची, पूजा व्हायची. बाबा ते सांगताना अजून त्यांचा आवाज बदलतो. तुमच्या सासूबाईंचं लग्न त्याच काळातलं. म्हणून बोरमाळेचा कस तपासून घ्या. ती १४ कॅरटची असू शकते, किंवा आधीचं घरातलं सोनं असेल तर चांगलीही असेल.

मशीन वरच्या पत्र्याचा कस सांगतं, आतली लाख सांगत नाही. त्यासाठी एखाद्या जुन्या कारागिराकडे जा. तो एक मणी काढून, तापवून लाख बाहेर काढेल, नुसता पत्रा तोलेल, आणि मण्यांच्या संख्येने गुणेल. सगळी माळ उसवायची गरज नाही. हे तुमच्या डोळ्यांसमोर करून घ्या, ही पहिली अट.

"अजून एक तशीच करू" याबद्दल माझ्या धंद्याच्या विरुद्ध बोलतो. नवीन दागिन्यावर १२ टक्के घडणावळ आणि वर ३ टक्के जीएसटी धरला तर लाख रुपयांत सोनं येतं साडेशहाऐंशी हजारांच्या आसपास. दुसऱ्या दिवशी मोडायला आणलात तर तेवढ्याचेच पैसे, त्यातही घट जाईल. नक्षीकामाला घडणावळ याहून जास्त असते. अंगावर घालायची हौस असेल तर जरूर करा, कारागिराच्या हाताला काम मिळेल, मला आनंदच आहे. पण साठवण म्हणून करत असाल तर साधी वेढणी, म्हणजे बिननक्षीची अंगठी, घ्या. घडणावळ सगळ्यात कमी.

जे घ्याल त्यावर हॉलमार्क आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा ओळख क्रमांक, बघा. १ एप्रिल २०२३ पासून त्याशिवाय दागिना विकता येत नाही. बीआयएस केअर ॲपमध्ये तो नंबर टाकला की कस आणि दागिन्याचा प्रकार दिसतो. दुकानातच टाकून बघा, संकोच करू नका. चांगला सराफ रागावत नाही.

बंदरावरची | २१ जून, दुपारी ४:४०

मी हर्णैची, आमच्या दोन होड्या आहेत. आता पावसाळी मासेमारी बंदी आहे, होड्या वर ओढलेल्या, म्हणून वाचायला वेळ मिळतो.

आमच्यात सोनं बाईच्या अंगावर असतं, कपाटात नसतं. लिलावात उभी राहणारी बाई गळ्यात, कानात सगळं घालून उभी असते. बाहेरच्यांना तो नखरा वाटतो. ती आमची पत असते. व्यापाऱ्याला कळतं, हिला आज पैसे नाही दिले तरी हिची चूल पेटते, हिच्याकडून मासळी पडेल भावाने मिळणार नाही.

ऑगस्टमध्ये होडी पाण्यात जाताना डिझेल, बर्फ, जाळी, खलाशांची उचल लागते. दोनच वाटा. व्यापाऱ्याची उचल घेतली तर वर्षभर मासळी त्यालाच, त्याच्या भावाने. सोनं बँकेत ठेवलं तर व्याज लागतं पण मासळी माझी. म्हणून माझी सासू म्हणायची, गळ्यातलं गेलं तर चालेल, होडीचा मान जाता नये.

पण खरं सांगते, हल्ली सुटत नाही. एलईडी दिवे लावलेल्या बोटी बाहेरून मासळी ओढून नेतात. आम्हाला फेरीला डिझेल सुटत नाही. दोन वर्षांपूर्वी ठेवलेला माझा लक्ष्मीहार नुसता व्याज भरून पुढे ढकलतेय. भाव वाढला म्हणून त्यावर अजून कर्ज मिळतं असं सांगतात, आणि घेतलंही मी. भाव चढल्याने मी श्रीमंत नाही झाले, कर्ज तेवढं वाढलं. हे कुणी लिहिलं नव्हतं म्हणून लिहिलं.

दाभोळ खाडी | २१ जून, रात्री १०:२०

ताई, तुमचं वाचून थांबावंसं वाटलं. आमच्या गावात घराआड एक माणूस आखातात. पूर्वी सुट्टीवर येणारा प्रत्येकजण बहिणीसाठी, बायकोसाठी काहीतरी आणायचा. २०१६ च्या सामान नियमांत वर्षाहून जास्त बाहेर राहिलेल्या पुरुषाला २० ग्रॅम आणि बाईला ४० ग्रॅम दागिने करमुक्त, पण किमतीची मर्यादा अनुक्रमे पन्नास हजार आणि एक लाख. आजच्या भावात पन्नास हजारांत जेमतेम पाच ग्रॅम बसतात. जुलै २०२४ मध्ये आयातकर १५ वरून ६ टक्क्यांवर आला तेव्हापासून तिकडून आणण्यात राम उरला नाही.

माझ्या अम्मीने मेहेरचं, म्हणजे निकाहात नवऱ्याकडून मिळालेलं, सोनं कधी मोडलं नाही. अब्बांची नोकरी गेली तेव्हासुद्धा आधी जमीन विकली. ते सोनं तिचं एकटीचं होतं. घरात कुणी मागू शकत नव्हतं. ताई, नवीन जे घ्याल ते कुणाच्या नावाने, कुणाच्या ताब्यात, हेही घरात आत्ताच बोलून घ्या.

आकडेमोड | २२ जून, सकाळी ९:००

बंदरावरच्या ताईंचा मुद्दा माझ्या आकड्यांत आलाच नव्हता. तारणाचा भाव वाढतो तसं कर्ज वाढवत गेलं आणि पुढे भाव उतरला, तर दागिना जातो आणि देणं उरतं. चढ्या भावात वाढीव कर्ज घेऊ नये, व्याजासोबत थोडी मुद्दल फेडत राहावी.

कुणी व्यनितून (खाजगी निरोपातून) सुवर्णरोख्यांबद्दल, म्हणजे सोन्याच्या भावाने परत मिळणाऱ्या सरकारी रोख्यांबद्दल, विचारलंय. सरकारने नोव्हेंबर २०१५ मध्ये ते आणले. पहिला रोखा ग्रॅमला २,६८४ रुपयांना होता आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ६,१३२ ने परत मिळाला, वर दरवर्षी व्याज. फेब्रुवारी २०२४ नंतर नवीन विक्री झालेली नाही. जुने शेअर बाजारात मिळतात, पण देवगडात रात्री डॉक्टरकडे जायचं असेल तर ते कामाचे नाहीत.

कलमबाग | २८ जून २०२५, रात्री ९:३०

काय ठरलं ते सांगायला आले.

गुरुवारी बोरमाळ घेऊन कणकवलीला गेलो. सासूबाईही आल्या, त्यांनी माळ गळ्यातच घातली होती, तिथे जाऊन काढली. कारागीर सत्तरीचे. त्यांनी पाठीमागचा, फासाजवळचा एक मणी काढला, चिमट्यात धरून ज्योतीवर नेला. आधी धूर आला, मग काळपट तांबडी लाख थेंब थेंब पाटीवर गळली. साठ वर्षांपूर्वीची लाख! वास अगदी डोक्यात बसला. मणी लाखेसकट १.१ ग्रॅम होता, नुसता पत्रा ०.६२. एकूण मणी ४२. म्हणजे तोललं तर ४६ ग्रॅम, आणि सोनं २६. मशीनवर कस २० कॅरट निघाला. घरात साडेचार लाखांची म्हणून धरलेली माळ, आजच्या भावाने दोन लाखांच्या थोडी वर.

यजमानांचा चेहरा उतरला. सासूबाईंना मात्र काहीच वाटलं नाही. त्या म्हणाल्या, त्यांच्या वडिलांनी आजीचे गोठ मोडून ती केली होती, सोनाराने रात्री दार लावून घडवली, "चौदाचा घालूचा नाय" म्हणून. लाख आहे हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. आम्हीच कधी विचारलं नव्हतं.

पैशाचं असं केलं. दीड लाख घरखर्च, खत आणि मोहोराच्या फवारणीसाठी बचत खात्यात, त्यातले वीस हजार रोख घरात, सुपारीबाग यांनी लिहिलेलं वाचल्यावर. दीड लाख राष्ट्रीयीकृत बँकेत एक वर्षाच्या ठेवीत. राहिलेल्या साठ हजारांत सहा ग्रॅमची २२ कॅरटची साधी वेढणी. एचयूआयडी दुकानातच ॲपमध्ये टाकून बघितला. ती माझ्या बोटात आहे, आणि माझ्या नावाची आहे, हे यजमानांनीच सासूबाईंसमोर सांगितलं. युद्धविरामानंतर भाव थोडा उतरलाही होता, पण त्यासाठी थांबलो नव्हतो. दरवर्षी आंबा झाला की थोडं घ्यायचं, भाव न बघता, असं ठरलंय.

बंदरावरच्या ताई, तुमचा लक्ष्मीहार सुटू दे, हे मी रोज देवापुढे म्हणते. सुटला की इथे नक्की लिहा.

कारागिरांनी त्या मण्यात परत लाख भरली, सांधा मिटवला आणि दुपारी पटवेकऱ्याने माळ नव्या रेशमात ओवून दिली. सासूबाईंनी बेचाळीस मणी एकेक बोटाने मोजले आणि मगच गळ्यात घातली.